आखाजीची हजेरी

बाळा, क्षणभर डोळे मीट आणि एक दार डोळ्यांसमोर आण. जाड, पांढरं, थंडगार दार. त्याला कडी नाही, कुलूप नाही, किल्लीचं भोकही नाही. शेजारच्या भिंतीवर एक काळी डबी आहे, आणि तुझ्या गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं कार्ड आहे. कार्ड डबीला टेकवलं की हिरवा दिवा लागतो आणि दार उघडतं. सकाळी ते उघडलं आणि तू आत गेलास. दुपारी बाहेर येण्यासाठी तेच कार्ड तू आतल्या डबीला टेकवलंस, तर दिवा लाल लागला. तू तोच, कार्डही तेच. मधल्या वेळात कोणीतरी दाराला सांगून ठेवलं होतं, की याला आता ओळखायचं नाही.

कोणी सांगितलं असेल? ही गोष्ट त्या सांगणाऱ्याची आहे. त्याचं नाव तरुण. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं.

तरुण जळगावात राहायचा. आठवड्यातून एकदा सावद्याला मोतीलालशेठच्या केळीच्या वखारीत जायचा, बाकीचे दिवस घरूनच तिथलं संगणकाचं काम बघायचा. ही वखार म्हणजे जुनी अंधारी खोली नव्हे. लांबलचक पत्र्याची शेड, एका बाजूला केळी धुऊन फण्या कापायची जागा, दुसऱ्या बाजूला ट्रक भरायचा धक्का, आणि मधे ओळीने केळी पिकवण्याच्या खोल्या. खोलीत हिरवी केळी रचायची, दार बंद करायचं, पिकवण्याचा वायू सोडायचा. केळी झाडावरून उतरली तरी जिवंतच असतात, बाळा. तीही आपल्यासारखा श्वास घेतात. बंद खोलीतली चांगली हवा ती ओढून घेतात आणि वाईट हवा सोडतात. म्हणून त्या खोल्या ठरावीक वेळेने उघडाव्या लागतात, आणि बंद खोलीत माणसाने फार वेळ थांबायचं नसतं.

खोल्यांचं काम बायकांकडे होतं. केळीला नखही न लागू देता फणी उचलावी ती त्यांनीच. पुरुष ट्रक भरायचे. आता एवढ्या माणसांतून कोणासाठी कुठलं दार उघडायचं, हे दाराला कसं कळणार? त्यासाठी तरुणने संगणकात गट केले होते. खोल्यांचा गट, धक्क्याचा गट, ऑफिसचा गट. ज्याचं नाव ज्या गटात, त्याला ते दार उघडं. नाव घालणं आणि काढणं हे तरुणचं काम, आणि त्यानेच तो बेजार झाला होता. वखारीत माणसं सारखी येत-जात. हजेरी लिहिणाऱ्या सुकदेव नानांचा रोज फोन यायचा, आज हिला घाल, त्याला काढ. एकदा तरुण एका माणसाचं नाव काढायला विसरला. काम सोडून गेलेल्या त्या माणसाने आपल्या जुन्या कार्डाने दार उघडून पिकलेल्या केळीची कॅरेट पळवली.

त्या दिवशी शेठ फार चिडले. येणाऱ्याइतकीच जाणाऱ्याचीही नोंद पाहिजे, असं म्हणून त्यांनी प्रत्येक खोलीच्या आतल्या बाजूलाही कार्डाची डबी बसवायला लावली, आणि आतून दार ढकलून उघडायचा खटका काढून टाकायला सांगितलं. खटका राहू द्यावा, असं तरुणने एकदा म्हणून पाहिलं. कोणाला आत कोंडायला का ठेवलाय आपण, असं शेठ म्हणाले. तरुण गप्प बसला. दुसऱ्यांदा बोलला नाही.

मग त्याने तो नियम लिहिला. आता नावं हाताने घालायची-काढायची गरजच नव्हती. सुकदेव नाना हजेरी संगणकात भरतील, आणि रोज दुपारी बाराला नियम ती हजेरी वाचेल. नवीन माणूस दिसला की त्याला गटात घालेल, आठवडाभर गैरहजर दिसला की काढून टाकेल. दुपारी बाराच का? त्या वेळी सगळे जेवायला बाहेर असतात, आत कोणी नसतं, म्हणून. इतका विचार त्याने केला होता. खोलीतली हवा बिघडली की मोबाइलवर इशारा जायची सोयही त्याने करून ठेवली. इशारा कोणाला जाणार? खोल्यांच्या गटात जी नावं असतील त्यांना.

त्याने नानांना बसवून शिकवलं. फक्त एकच मागणं मागितलं, नाना, हजेरी खरी लिहा. मशीनला खोटं सांगितलं की ते खोटंच करतं.

नाना हसले आणि मान डोलावली. त्या हसण्यात एक गोष्ट होती, ती त्यांनी सांगितली नाही.

आपल्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या लेकी माहेरी जातात, हे तुला ठाऊकच आहे. गौराई बसते, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, मांडे-आमरसाचं जेवण असतं. काही जणी तर आठवडा आधीच गाठोडं बांधतात. वखारीतल्या बायकाही अशाच आठवडा आधी सगळ्या मिळून जायच्या. पण केळी सणाला थांबत नाहीत. मग वखारीत एक रीत पडली होती. बायको माहेरी गेली की नवरा तिचं कार्ड गळ्यात घालायचा आणि आपलं काम सांभाळून तिच्या खोल्याही बघायचा. नाना त्या दिवसांत बायकांची हजेरी भरून टाकायचे. लेकीबाळींची आखाजी कापू नये, असं ते म्हणत. सगळ्यांना हे माहीत होतं. शेठला माहीत नव्हतं, कारण शेठला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आणि तरुणला कोणी सांगितलं नाही, कारण तो शेठचा माणूस.

त्या वर्षी मात्र नानांनी तरुणचा शब्द पाळला. माहेरी गेलेल्या बायकांपुढे गैरहजर असं लिहिलं, अगदी खरं खरं.

त्या बायकांत हेमांगी होती. तिचं माहेर धरणगावजवळच्या एका खेड्यात. तिचा नवरा समाधान धक्क्यावर ट्रक भरायचा. त्यांची मुलगी रूपा पाचवीत शिकत होती. माहेरी निघाल्या दिवशी समाधान दोघींना सावद्याच्या स्टँडवर सोडायला आला. गाडी लागली आणि हेमांगीला गळ्यातल्या कार्डाची आठवण झाली. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. रूपाने आईच्या गळ्यातून कार्ड काढलं, बापाला खाली वाकायला लावलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. आईचा फोटो बापाच्या छातीवर पाहून तिला हसू फुटलं.

"पप्पा, आता तुम्ही हेमांगी," ती म्हणाली. मग कोणी चिडवू नये म्हणून तिने कार्ड उलटं केलं, फोटो आतल्या बाजूला, शर्टाकडे.

तरी लोकांनी चिडवलंच. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पाऊल टाकताच प्रेमराजने विचारलं, "काय हेमांगीबाई, पदर कुठे विसरल्या?" प्रेमराजच्याही गळ्यात त्याच्या बायकोचं कार्ड होतं, पण हे त्याच्या ध्यानात नसावं. सगळे पोट धरून हसले. समाधानने डोक्यावर रुमाल घेतला आणि लाजल्यासारखं करून खोलीचं दार उघडलं.

असे दिवस गेले. आखाजीचा दिवस उजाडला.

जळगावात तरुणच्या घरी त्या दिवशी मोठा सोहळा होता. त्याची आई सुगनबाई हिने वर्षभर एक दिवस जेवण आणि एक दिवस उपवास असं व्रत केलं होतं. ते व्रत याच तिथीला उसाचा रस पिऊन सोडतात. घरात पाहुण्यांची गर्दी होती. मोतीलालशेठही आले होते. तरुण आईसमोर रसाचं भांडं धरून बसला होता, तेव्हा खिशातला फोन वाजला. सुकदेव नाना होते. प्रेमराज जेवून आला, पण खोली उघडत नाही, कार्ड लावलं की लाल दिवा लागतो, असं ते सांगत होते.

कोणाचं कार्ड, असं तरुणने विचारलं. प्रेमराजच्या बायकोचं, नाना जरा अडखळत म्हणाले.

"ती रजेवर आहे ना? मग बरोबर आहे, नाना. सिस्टिम काम करतेय."

त्याला खरोखर बरं वाटलं होतं, बाळा. दुसऱ्याच्या कार्डाने दार उघडू नये, म्हणून तर सगळा खटाटोप. त्याने फोन खिशात टाकला आणि आईच्या ओंजळीत रस ओतला.

नानांनी प्रेमराजला सांगितलं की जळगावहून बरोबर आहे असं आलंय. प्रेमराजने खांदे उडवले. आखाजीला आपल्याकडे पत्ते खेळायला कोणी ना म्हणत नाही. धक्क्याच्या सावलीत डाव पडला होता, तो तिथे जाऊन बसला.

समाधान आत होता.

माणसं कमी, म्हणून तो त्या दिवशी जेवायला उशीर करून एकेक खोली पाहत होता. हेमांगीच्या कार्डाने हिरवा दिवा लागला, तो आत शिरला, दार मागे मिटलं. मग बारा वाजले. नियमाने हजेरी वाचली. हेमांगी, आठवडाभर गैरहजर. नियमाने तिला गटातून काढलं. तिच्याबरोबर माहेरी गेलेल्या बाकीच्या बायकांनाही. खोल्यांच्या गटात एकही नाव उरलं नाही. आत लाल दिवा लागला. भिंती जाड, पंख्यांचा आवाज मोठा, मोबाइलला तिथे रेंज नसायचीच. हवा बिघडल्याचा इशारा निघाला. तो गटातल्या सगळ्यांना गेला, आणि गटात कोणीच नव्हतं.

ऊन कलल्यावर प्रेमराजला समाधानचा डबा तसाच बांधलेला दिसला. तेव्हा धावपळ झाली. पहारीने दार फोडलं. पुढचं सांगत नाही. दारावर आतून काय काय खुणा होत्या, तेही नाही.

पोलीस आले. पंचनामा झाला. मोतीलालशेठने सांगितलं की दुसऱ्याचं कार्ड वापरायला सक्त मनाई होती, मयताने ते वापरलं, आणि सिस्टिमने आपलं काम चोख केलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. तसंच लिहून घेतलं गेलं. पोलिसांनी तरुणकडून फक्त नोंदींची प्रत मागितली. ती काढताना त्याला पडद्यावर एका रेघेत दिसलं, हेमांगी गैरहजर, आणि तिच्या खालच्याच रेघेत, हेमांगीच्या कार्डाने दार उघडलं. रोज सकाळी, आठवडाभर. दोन्ही गोष्टी मशीनला माहीत होत्या. त्या शेजारी ठेवून बघ, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

शेठने त्याला बाजूला घेतलं. जे विचारतील तेवढंच सांग, जास्त शहाणपणा नको, म्हणाले. तरुणने मान हलवली. खटक्याच्या वेळी गप्प बसला होता, तसाच आताही बसला. नियमही त्याने बंद केला नाही, कारण शेठ म्हणाले, आता बंद केला तर लोकांना वाटेल त्यातच खोट होती.

गावाला मात्र कोणीतरी लागतंच दोष द्यायला. सासरच्यांनी हेमांगीला घरात घेतलं नाही. बायकोच्या कार्डाने नवरा खाल्ला, असं बोलणं सावद्यापासून फैजपूरपर्यंत फिरलं. सुकदेव नाना कामावर येईनासे झाले. जन्मभर हजेरी खोटी लिहिली तेव्हा कोणाचं वाईट झालं नाही, एवढंच ते भेटणाऱ्याला सांगत. मग एके दिवशी त्यांनी तरुणला फोन केला. रागावण्यासाठी नाही. हेमांगीची पोर बोलत नाही म्हणाले, जेवतही नाही. तिच्या डोक्यात बसलंय की कार्ड आपण घातलं, म्हणून बाप आपण मारला. मी जाऊन आलो, पण मला ते मशीनचं समजावता येत नाही. तू मला समजावलं होतंस ना? मग तिलाही समजाव.

तरुण दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मग गाडी काढून निघाला.

वैशाखातलं ऊन होतं. धरणगावच्या पुढे दोन्ही बाजूंना कापसाची रानं नांगरून उघडी पडली होती. गावात शिरून त्याने भटू आबांचं घर विचारलं. भटू आबा म्हणजे हेमांगीचे वडील. ओट्यावर बसले होते. त्याने नाव सांगितलं, वखारीतला म्हणून सांगितलं. आबांनी तांब्या पुढे सरकवला.

"पोर बोलत नही, भाऊ," ते म्हणाले. "बठ्ठा दोष सोतावर लई लिधा तिनी."

अंगणात निंबाला झोक्याची दोरी अजून तशीच लटकत होती. रूपा बुंध्याशी बसली होती. आखाजीच्या आंब्यांच्या कोयी वाळून तिथे पडल्या होत्या, त्या ती एकावर एक रचत होती. घरात, दाराआड हेमांगी उभी असावी. तिच्या बांगड्या नसलेल्या हाताची सावली चौकटीवर दिसत होती.

तरुण रूपासमोर मातीत बसला. सांगण्यासारखं त्याने खूप ठरवून आणलं होतं, ते सगळं त्याने बाजूला ठेवलं. मग त्याने बोटाने मातीत एक रिंगण काढलं, शेजारी दुसरं काढलं. पाच-सहा कोयी तिच्याकडून मागून घेतल्या. हे खोल्यांचं रिंगण, तो म्हणाला, यात आहेत त्यांना खोल्यांचं दार उघडतं. ही तुझी आई. ही प्रेमराजकाकाची बायको. आणि हे धक्क्याचं रिंगण, यात तुझे पप्पा.

रूपाने मान वर केली नाही, पण कोयी रचायची थांबली.

मग त्याने नियम सांगितला. जो आठवडाभर हजेरीत दिसत नाही, त्याची कोय रोज दुपारी आपोआप बाहेर पडते. कोणी हात लावावा लागत नाही. असं म्हणत त्याने पहिल्या रिंगणातली एकेक कोय उचलून बाहेर ठेवली. शेवटी रिंगणात नुसती माती राहिली.

ती त्या मोकळ्या रिंगणाकडे बघत राहिली. खूप दिवसांत न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "म्हणजे दाराला वाटलं, आत आई आहे?"

"दाराला काहीच वाटत नाही, बेटा."

"मग वाटायला कोण होतं?"

या एका प्रश्नासाठी तो इतक्या दूर आला होता, आणि आता पळून जावंसं त्याला वाटलं. आबा ओट्यावरून बघत होते. चौकटीवरची सावली हलली नाही.

"मी होतो," तरुण म्हणाला. "नियम मी लिहिला. आखाजीला बायका माहेरी जातात, हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी लिहिताना माझ्या ध्यानात आलं नाही. आतला खटका काढला तेव्हा मी गप्प बसलो. त्या दिवशी नानांचा फोन आला, तेव्हा आत कोणी आहे का, एवढंही मी विचारलं नाही. बरोबर आहे म्हणालो. तू पप्पांना कार्ड घातलंस ना, ते चांगलं होतं. सकाळी त्याच कार्डाने दार उघडलं होतं. दुपारी ते मी बंद केलं."

रूपाने हे ऐकून रडावं, अशी त्याची तयारी होती. तिने दगड उचलून मारला असता तरी चाललं असतं. ती विचारात पडली, गणित अडल्यावर मुलं पडतात तशी. मग बाहेर काढलेल्या कोयींकडे बोट करून तिने विचारलं की या बायका आता सणाहून परत आल्या असतील, कामावर जात असतील?

हो, तो म्हणाला.

दार तसंच आहे?

नवीन बसवलंय. तो थांबला. तसंच.

आतून खटका?

त्याने मान नकारार्थी हलवली.

"आणि हे तुम्ही पोलिसांना सांगितलं?"

तरुणच्या ओठांवर शेठचं नाव आलं, नोकरीचं आलं, आईचंही आलं. त्यातलं एकही या पोरीसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. निंबाचं एक पिवळं पान मोकळ्या रिंगणात येऊन पडलं. त्याने ते उचलून बाजूला टाकलं, जणू तेवढं तरी आपल्या हातात होतं.

रूपा उठली आणि घरात गेली. आत हेमांगीने तिला काहीतरी हलकेच विचारलं. भांडी सरकल्याचा आवाज आला, मग दप्तराची चेन उघडल्याचा. पोलिसांनी समाधानच्या वस्तू पिशवीत घालून परत दिल्या होत्या, मोबाइल, रुमाल, चपला. त्यातली एक वस्तू घरच्यांना सापडत नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते कार्ड होतं. पट्टा मळलेला, एका ठिकाणी चुरगळलेला, कोणीतरी मुठीत घट्ट धरून ठेवल्यासारखा. ती तरुणसमोर येऊन उभी राहिली. तो मातीत बसला होता, त्यामुळे त्याला वाकायला सांगावं लागलं नाही. तिने दोन्ही हातांनी पट्टा पसरला आणि त्याच्या गळ्यात घातला. कार्ड त्याच्या छातीवर उलटं पडलं, फोटो शर्टाकडे. तिने ते दोन बोटांत धरून सुलटं केलं, आईचा फोटो बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही दिसेल असा. मग ती रिंगणाजवळ बसली आणि बाहेर पडलेली एकेक कोय उचलून पुन्हा आत ठेवू लागली.